दोन चाव्यांमधला दिवस

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी खोकायला सांगितलं. खोकलो. त्यांची दोन बोटं उजव्या जांघेवर होती. म्हणाले, "हर्निया. कधीपासून आहे?" दोन वर्षं, मी म्हणालो. "दोन वर्षं काय करत होता?" घड्याळाला चावी देत होतो. त्यांना तो विनोद वाटला.

विनोद नव्हता. बाजारातल्या टॉवरच्या घड्याळाला मी एकतीस वर्षं चावी देतो आहे. एक दिवसाआड, सकाळी सहाला, एकशे बारा पायऱ्या चढून. आत दोन वजनं तारेच्या दोरांना टांगलेली आहेत. उजवीकडचं काटे चालवतं, डावीकडचं टोले देतं. हँडल घालून दोन्ही वर ओढून घ्यायची. उजवीकडे साठ फेरे, डावीकडे पंच्याहत्तर. मग पन्नास तास ती खाली येत राहतात. तेवढ्यात कोणी वर गेलं नाही तर जमिनीला टेकतात आणि घड्याळ थांबतं. माझ्या हाताखाली एकदाही थांबलेलं नाही.

ऑपरेशन करावं लागेल. हल्ली सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. मी विचारलं, नक्की संध्याकाळी? "शंभरातले पंच्याण्णव जातात." चार मार्च, मंगळवार मागून घेतला. सोमवारी सकाळी चावी, मंगळवारी ऑपरेशन, बुधवारी सकाळी चावी. मधला दिवस रिकामाच असतो.

सहा आठवडे काही उचलायचं नाही, असंही म्हणाले. मी उचलत नाही. फिरवतो.

दुखण्याची नोंद ठेवायला सांगितली आहे. घड्याळाची एक जुनी वही निम्मी कोरी होती, ती घेतली.

१ मार्च, शनिवार

नगरपालिकेचे साहेब आज टॉवरवर आले. बरोबर विजेची मोटर विकणारा माणूस. मी त्याला बटणवाला म्हणतो. कारण त्याचं प्रत्येक वाक्य बटणाशी येऊन थांबतं. "काका, बटण दाबायचं, विषय संपला." त्याला साठाव्या पायरीवर धाप लागली होती.

साहेबांनी यंत्राला बोट लावलं, बोट रुमालाला पुसलं. म्हणाले, "चालतंय तोवर चालू दे. पण एकदा जरी बंद पडलं, तर मोटर." मग माझ्याकडे बघून, "तुमचंही वय झालं."

वय झालं हे खरं. त्रेसष्ट. ऑपरेशनचं बोललो नाही. जाताना साहेबांनी टॉवरच्या दाराची जादा किल्ली मागून घेतली. दिली.

३ मार्च, सोमवार

चावी दिली. डावीकडे चाळिसाव्या फेऱ्यानंतर कळ आली. हँडल धरून उभा राहिलो. सुटलं असतं तर हात मोडला असता. दहा-दहाचे तुकडे करून पंच्याहत्तर पुरे केले.

खाली येऊन बायकोला सांगितलं की परवा जरा हळूहळू द्यावी लागेल. ती शाळेचे गणवेश शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली, "परवा मी जाऊ का?"

मी हसलो.

"हसताय काय?"

"एकशे बारा पायऱ्या आहेत. तुझा गुडघा उंबरा ओलांडताना कुरकुरतो."

"गुडघा माझा आहे. कुरकुरला तर मला कुरकुरेल."

तिला एकदाच वर नेलं होतं, लग्न झालं त्या वर्षी. तेव्हा मी तिथे मदतनीस होतो. टोल्यांची बाजू बंद होती, तिचं एक चाक दुरुस्तीला गेलं होतं. मी उजवीकडची चावी देऊन दाखवली. ती खिडकीतून खालचा बाजार बघत होती. यंत्राकडे तिचं लक्ष नव्हतं. त्यानंतर मी कधी बोलावलं नाही, तिनेही कधी विचारलं नाही.

४ मार्च, मंगळवार. सकाळी

सातला दाखल. हेच हॉस्पिटल घेतलं, कारण इथून टोले ऐकू येतात. चष्मा, दातांची कवळी, अंगठी काढून बायकोच्या पिशवीत. फॉर्मवर "घरी नेणारी व्यक्ती" अशी ओळ होती. तिने सही केली. तिची सही मी बऱ्याच वर्षांनी पाहिली. बदललेली नाही.

भीती आहे का, असं सिस्टरने विचारलं. नाही म्हणालो. होती. पण मरण्याची नाही. मेलो तर बुधवारी कोण, असा विचार आला आणि मग त्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी

कमरेखाली बधिर केलं. पाय होते पण माझे नव्हते. डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस कुणाच्या तरी गच्चीवरच्या गळक्या टाकीबद्दल बोलत होते. दहाचे टोले मी आत असताना पडले, पावणेअकराला बाहेर आलो. दुखलं नाही. मधला वेळ टाकीत गेला.

घरी सोडण्याच्या अटी तीन. चालून दाखवायचं, खाऊन दाखवायचं, लघवी करून दाखवायची. पहिल्या दोन झाल्या.

पाच ग्लास पाणी प्यालो. सिस्टर दर अर्ध्या तासाने येते. "काका, झाली का?" शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर आहे, नोकरीतून निवृत्त, पायाला प्लास्टर. त्याची खाट खिडकीला, माझी भिंतीला. तो म्हणाला, "सिस्टर, नळ सोडून ठेवा. आवाजाने येते." नळ सोडला. ड्रायव्हरलाच लागली.

चार वाजले, पाच वाजले. पोट दगडासारखं. सहाला डॉक्टर आले, पोटावर बोटांनी वाजवून पाहिलं.

"आज राहावं लागेल. नळी घालू."

"राहता येणार नाही. सकाळी सहाला काम आहे."

"कसलं काम?"

सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, मी पंच्याण्णवातला आहे. ते म्हणाले, "आता पाचातले झालात."

उठून कपडे शोधायला लागलो. भिंत जवळ आली. सिस्टर आणि बायको, दोघींनी धरलं म्हणे. रक्तदाब उतरला होता. नळी घातली. पाऊण लिटर. शरीर हलकं झालं तेव्हा मी कोणाशीही भांडण्याच्या लायकीचा उरलो नव्हतो.

बायको जायला निघाली तेव्हा तिला सांगितलं, उद्या आठच्या सुमारास घड्याळ थांबेल. ती म्हणाली, "साहेबांना सांगू?"

"त्यांना सांगणं म्हणजे मोटर बसवा म्हणणं. कोणाला काही सांगू नकोस. थांबलं तर थांबलं."

"किल्ली कुठे आहे?"

"खिळ्यावर. का?"

"काही नाही. असू दे, हरवायला नको."

५ मार्च, बुधवार. सकाळी

पाचपासून जागा. सहा वाजले. हात चादरीवर होते, त्यांना काही काम नव्हतं. सात वाजले. सातचे सातही टोले पडले.

आठ पडले. आठवा मोजून घेतला, शेवटचा असेल म्हणून.

नऊला टोले सुरू झाले. एक, दोन, तीन, चार. मग काही नाही. मी पाचव्याची वाट बघत राहिलो. वजन टेकलं. एकतीस वर्षं. घाम आला तेव्हा सिस्टरला वाटलं ताप आहे. ताप नव्हता.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, चेहरा का असा? कोण गेलं?" मी सांगितलं. घड्याळ, मी, चावी, सगळं. पहिल्यांदाच कोणा अनोळखी माणसाला सांगितलं. तो खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता. मग म्हणाला, "पण काटे फिरतायत की."

"नऊला थांबलं ते."

"अहो, आत्ता दहा वाजून पाच मिनिटं दाखवतंय. मी बस वेळेवर सोडायचो, मला काटे वाचता येतात."

मी त्याला दर पाच मिनिटांनी विचारलं. दहा दहा. सव्वादहा. काटे चालत होते.

म्हणजे उजवीकडची चावी कोणीतरी दिली आहे. डावीकडची दिलेली नाही. डावीकडे चावी असते हे माहीत नसलेला माणूस. साहेबांकडे जादा किल्ली आहे. बटणवाला, किंवा त्याचा कोणी. मी इथे आहे ही बातमी फुटली, आणि माझ्या जागी माणूस उभा राहिलासुद्धा. घड्याळ थांबलं नाही याचा आनंद व्हायला हवा होता.

दुपारी

अकराला भेटीची वेळ. बायको दहा मिनिटं उशिरा आली, आल्या आल्या धापा टाकत खुर्चीवर बसली. केस ओले होते.

"दम लागलाय?"

"लिफ्ट बंद होती."

तिला सगळं सांगितलं. नुसता चिडलो होतो. म्हणालो, कोण्या गाढवाने एकाच बाजूला चावी दिली आहे.

ती संत्रं सोलत होती. हात थांबला. "दोन बाजूंना द्यायची असते?"

"दोन वजनं, दोन चाव्या! डावीकडे फळीचं झाकण आहे, ते सरकवलं की हँडल घालायची जागा दिसते. त्या गाढवाने झाकण उघडलंच नसणार."

"मग आता उघडून दिली तर चालेल?"

"नुसती देऊन भागणार नाही. नऊचे पाच टोले राहिलेत. चावी दिली की ते एकदम वाजतील. तो घाबरून पळत सुटेल."

"न घाबरता काय करायचं?"

"काही नाही, वाजू द्यायचे. पण टोल्यांना काटे दिसत नाहीत. त्यांची मोजणी वेगळी चालते. नऊ झाले की पुढचे दहाच देणार, मग काटे दोनवर असोत की तीनवर. मागे एक तार लोंबते, ती ओढायची. एकदा ओढली की एका तासाचे टोले. काट्यांशी जुळेपर्यंत ओढत जायचं."

"प्रत्येक वेळी वाजून संपू द्यायचे?"

"अर्थात. मध्ये ओढली तर चाकाचे दात मोडतील."

"आणि फेरे? डावीकडे किती?"

"पंच्याहत्तर. आणि उलटे, डाव्या हाताला. ते त्याला कोण सांगणार? तू काय विचारतेस एवढं?"

"तुमचं मन रमावं म्हणून," ती म्हणाली. संत्र्याची एक फोड माझ्या हातात दिली, उरलेलं ताटलीत ठेवलं आणि उठली. बाराला दहा मिनिटं होती. गणवेश द्यायचेत म्हणाली.

ती गेल्यावर मी ड्रायव्हरला म्हणालो, लिफ्ट बंद आहे म्हणे. तो म्हणाला, "लिफ्ट? मी तर मघाशीच त्यातून एक्स-रेला जाऊन आलो." इथली दुरुस्ती लवकर होते.

दोन वाजता

दीड वाजून गेल्यावर एकाएकी टोले. एक, दोन, तीन, चार, पाच. वॉर्डात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाच मी मोजले. नऊचे राहिलेले पाच.

मग शांतता. मला वाटलं, पळाला.

मग दहा. पूर्ण दहा, शेवटच्या टोल्याची घरघर विरेपर्यंत. पुन्हा शांतता, बरीच लांब. मग अकरा. मग बारा. ड्रायव्हर म्हणाला, "घड्याळाचं डोकं फिरलं की काय!" एक मावशी भिंतीला टेकून हसत होत्या. मग एक.

मी उशीवरून मान उचलून धरली होती. दोन वाजले. दोन टोले पडले. काटे आणि टोले जुळले.

कोणीतरी शिकलेला माणूस आहे. हात नवखा वाटतो, पण घाई केली नाही. एकदाही मध्येच तार ओढली नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी एक दात मोडला होता. हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी

बायको पाचला आली. उजव्या तळहाताला चिंधी बांधलेली.

"काय झालं?"

"दाभण लागलं. उशी शिवत होते."

तिला दुपारचं सांगितलं. बाराचे टोले, मावशींचं हसणं. ती ऐकत होती. "सगळं बरोबर झालं का मग?" तिने विचारलं. बरोबर झालं, म्हणालो. तिने डोळे मिटून खुर्चीला डोकं टेकलं. ती तशीच झोपी गेली. माझ्या आजारपणाचा तिला ताण आला आहे.

"कोण असेल?" मी मग विचारलं.

"असेल कोणीतरी. तुम्हाला सूप पाहिजे का?"

६ मार्च, गुरुवार

जखमेखाली रक्त साठून सूज आली आहे. आजही राहायचं. नळी उद्या काढतील.

साहेबांना फोन केला. रात्रभर ठरवलं होतं की करायचा नाही. म्हणालो, "साहेब, चावी वेळेवर दिलीत, आभारी आहे."

"चावी? हां, हां, चावी," ते पुटपुटले. मग म्हणाले, "अहो, त्यात आभार कसले. आमचं कर्तव्यच आहे."

"माणूस चांगला आहे."

"आमची माणसं चांगलीच असतात."

"कोण आहे?"

"आहे एक. तुम्ही काळजी करू नका."

फोन ठेवल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "त्याला काय चाललंय ते कळलं तरी का?" मी म्हणालो, का? "नाही, आमचे डेपोवाले साहेब असेच बोलायचे. बस पंक्चर झाली म्हणून सांगितलं तरी छान म्हणायचे."

ड्रायव्हरला माणसांची पारख कमी आहे.

दिवसभर टोले बरोबर. प्रत्येक टोला माझ्याशिवाय पडतो आहे.

७ मार्च, शुक्रवार

नळी काढली. दीड तास काही नाही. मग झाली. ड्रायव्हरने पडद्यापलीकडून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, "सुटली! तीन दिवस उशिरा, पण सुटली!"

आज चावीचा दिवस होता. सहा, सात, आठ, नऊ. नऊचे नऊ पडले. उजवीकडे दिली आहे. डावीकडची परवा दुपारी दिलेली, ती आज दुपारपर्यंत पुरेल.

दुपारी घरी. डॉक्टरांनी बायकोसमोर विचारलं, सकाळी सहाचं काम कसलं होतं? सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "ते हँडल तुम्ही बुधवारी फिरवलं असतं तर ऑपरेशनमध्ये आत बसवलेली जाळी फाटून आतडं बाहेर आलं असतं. मग शंभरातलं काही सांगता आलं नसतं." बायको खाली बघत होती. सहा आठवडे टॉवरचं दारसुद्धा बघायचं नाही.

घरी आल्यावर किल्ली खिळ्यावर होती.

१२ मार्च, बुधवार

पडून असतो. टोले मोजतो, एकही चुकत नाही. दुखणं कमी. नोंदवायला काही नाही.

बायको सकाळी फिरायला जाऊ लागली आहे. साडेपाचला जाते, सातला येते. गुडघ्यासाठी म्हणते. एक दिवसाआड जाते. रोज का नाही, विचारलं तर म्हणाली, "रोज झेपत नाही." फिरून आली की गुडघा शेकत बसते. मी म्हणालो, फिरण्याने तर जास्तच दुखतंय. म्हणाली, "सवय होईपर्यंत."

१९ मार्च, बुधवार

घड्याळ तीन मिनिटं मागे पडलं. नवा माणूस चावी देतो पण लंबकाकडे बघत नाही. जेवताना बोललो. काटे तीन मिनिटं पुढे सारायचे, आणि लंबकाखाली चकती आहे, ती अर्धा आटा वर घ्यायला हवी. त्याला कोणीतरी सांगायला हवं.

"वर म्हणजे उजवीकडे फिरवायची?"

"उजवीकडे. त्याला कळायला हवं."

"कळेल," ती म्हणाली.

२२ मार्च, शनिवार

घड्याळ बरोबर वेळ दाखवतं आहे. त्याला कळलं.

स्वयंपाकघरातला स्टूल दिसत नाही. एक पाय मोडला, टाकून दिला, असं ती म्हणाली. मी दुरुस्त केला असता. एवढं तरी जमलं असतं.

२ एप्रिल, बुधवार

बाजारात साहेब भेटले. मला हात करून टॉवरकडे बोट दाखवलं. "बघा, कसं चालतंय!" जणू स्वतःच चढून येतात.

घरी येऊन पत्र लिहिलं. वय, प्रकृती, योग्य माणूस उपलब्ध आहे, सबब मला मोकळं करावं. तीन ओळी झाल्या. एकतीस वर्षांना तीन ओळी पुरतात. बायकोला म्हणालो, नेऊन दे.

तिने वाचलं. दोनदा वाचलं. परत माझ्या हातात दिलं.

"आधी बरे व्हा. मग तुम्ही स्वतः नेऊन द्या."

"काय फरक पडतो?"

"एकदा वर जाऊन या. मग द्यायचं तर द्या."

"आता वर माझं काय आहे?"

ती मशीनवर जाऊन बसली. मशीन सुरू झालं की तिच्याशी बोलता येत नाही. तिला मी घरात नको आहे, असं कधी कधी वाटतं. साहजिक आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

सहा आठवडे पुरे. डॉक्टरांनी बोटं ठेवली, खोकलो. परवानगी मिळाली.

चावीचा दिवस नव्हता म्हणून आज गेलो. त्या माणसाशी गाठ पडायला नको होती. पत्र खिशात. यंत्राचा निरोप घ्यायचा आणि पत्र द्यायचं, असं ठरवलं होतं.

अठ्ठावन्न पायऱ्यांनंतर अर्ध्यावरचा कट्टा येतो. तिथे स्टूल होता. आमचा. पाय चारही शाबूत. मी त्याच्यावर बसलो. काही वेळ बसलो.

मग वर गेलो. यंत्र स्वच्छ होतं. हँडलच्या मुठीला कापडी खोळ होती, गणवेशाच्या निळ्या कापडाची, आत कापूस भरलेला, टाका बारीक आणि दुहेरी. तो टाका मी माझ्या प्रत्येक सदऱ्यावर पाहतो. भिंतीवर शिवणकामाच्या खडूने खुणा केल्या होत्या, दर दहा फेऱ्यांना एक आडवी रेघ, उरलेल्यांना लहान उभ्या. ती गणवेश मोजते तशा. प्रत्येक दिवसाची वेगळी रांग. एकवीस रांगा. उजवीकडे साठ. डावीकडे पहिल्या दिवशी पंच्याहत्तर, नंतर प्रत्येक वेळी त्र्याहत्तर.

खिडकीपाशी गेलो. तिथून बाजार दिसतो. हॉस्पिटलही दिसतं. ज्या खिडकीला ड्रायव्हर होता ती खिडकी मोजून काढली.

खाली आलो. पत्र दिलं नाही.

ती मशीनवर होती. मी दारात उभा राहिलो.

"वर स्टूल आहे."

मशीन चालू होतं. "हो."

"आपला."

"मध्ये बसावं लागतं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी म्हणालो, "डावीकडे पंच्याहत्तर सांगितले होते. त्र्याहत्तरच आहेत."

मशीन थांबलं. "शेवटचे दोन जड जातात."

"जातात," मी म्हणालो.

तिने दोरा तोडला. उजवा तळहात मला दिसला. बोटांच्या मुळाशी चार घट्टे. माझ्याही तिथेच आहेत. हे मी सहा आठवडे ताट वाढताना पाहिलं असणार.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हसला असता."



संध्याकाळी घड्याळाची चालू नोंदवही काढली. तारीख, उजवीकडे, डावीकडे, चावी देणाऱ्याचं नाव, असे रकाने. चौथ्या रकान्यात एकतीस वर्षं माझंच नाव. पाच मार्चपासून चौदा एप्रिलपर्यंत पानं कोरी होती. एकवीस नोंदी लिहिल्या. पहिलीत डावीकडच्या रकान्यात "दुपारी" असं लिहिलं, बाकीच्यांत त्र्याहत्तर. चौथ्या रकान्यात तिचं नाव एकवीस वेळा. लिहून झाल्यावर वही तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावून वाचली, आणि सात एप्रिलच्या जागी सहा हवं म्हणाली. एक दिवसाआड मोजताना मी एक तारीख चुकलो होतो. खोडून दुरुस्त केली.

१६ एप्रिल, बुधवार

साडेपाचला दोघं निघालो. अर्ध्यावर ती स्टूलवर बसली, मी उभा राहिलो. मग मी बसलो, ती उभी राहिली.

उजवीकडे साठ तिने दिले. डावीकडेही हँडल घेऊन तीच उभी राहिली. मला म्हणाली, "तुम्ही थांबा." त्र्याहत्तरला थांबली आणि बाजूला झाली.

शेवटचे दोन मी दिले.